कॅप्टन चालली म्हणे

बातमी सगळ्यांत शेवटी ओदेतला कळली. आधी ती कॅनडातल्या काप-पेले गावच्या कॉफीच्या दुकानात पोचली, तिथून मासे धुरवायच्या भट्ट्यांवर, आणि भट्टीवरून तिच्या बापाच्या कानावर. त्याचा फोन आला तेव्हा ती मॉन्क्टनच्या रिंकवरचा आइस हॉकीचा सराव आटोपून कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती, आणि एका पायातला स्केट काढून झाला होता.

“पोरी, तू डुलुथला चाललीस म्हणे?” अल्फे मेलान्सननं एकदमच विचारलं.

“कोण म्हणतं, पापा?”

“रेडिओवरचा तो ग्लेन स्टीव्हज. सकाळपासून तेच दळण दळतोय. मॉन्क्टनची कॅप्टन अमेरिकेतल्या डुलुथच्या संघात जाणार, बोलणी शेवटाला आलीत. भट्टीवर सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं आमच्या घरात कुणी गेलंय.”

“मला तर कुणी काही विचारलेलं नाही.”

“मी खलाशी होतो तेव्हा मालक बोट विकून टाकायचा. बोटीला कोण विचारतंय?”

“मी काय बोट आहे?”

“नाहीस ना? मग जाऊन विचार. हातावर हात धरून बसू नकोस. आणि जेवून घे.” फोन बंद झाला.

ओदेतनं दुसरा स्केट काढला, पात्यावरचं पाणी फडक्यानं टिपलं आणि वर पाहिलं. खोलीतला कलकलाट थांबला होता. सगळ्या मुली आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधत असल्यासारखं करत होत्या. म्हणजे त्यांनाही आधीच ठाऊक होतं.

टॅमसिन पार्डी तेवढी उठली. ही न्यूफाउंडलंडची. बुटकी, चपळ, संघाचे निम्मे गोल तिच्या स्टिकवरून गेलेले, आणि जीभ स्टिकपेक्षा तेज. ती ओदेतपुढे गुडघे टेकून बसली नि म्हणाली, “कॅप्टनसाहेब, जाण्याआधी तुमची ती हीटरशेजारची खुंटी माझ्या नावावर करून जा. पहिल्या दिवसापासून डोळा आहे माझा तिच्यावर.”

“मी मेल्याशिवाय नाही मिळायची.”

“मग डुलुथला जाच तू. तिथली थंडी तेवढं काम चोख करते.”

हशा पिकला. पण तो लगेच विरला, आणि एकेक जण ओदेतची नजर चुकवत बाहेर पडली.

ओदेत तेव्हा तेहतीस वर्षांची होती. उंच, खांद्यांनी रुंद, आणि नाक दोनदा मोडल्यामुळे किंचित डावीकडे कललेलं. हेरिंग माशांच्या भट्ट्यांच्या गावात ती वाढली. लहानपणी शाळेत तिच्या शेजारी बसायला पोरं कुरकुरायची, कारण मेलान्सनांच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना धुराचा वास असायचा. भट्टीमागच्या दलदलीचं पाणी डिसेंबरात गोठलं, की मात्र तीच पोरं स्केट घेऊन तिच्या अंगणातून जायची, कारण दुसरी वाटच नव्हती. अशी ती खेळायला लागली. मुलांच्या संघाच्या प्रशिक्षकाला या पोरीचं काय करावं ते कळेना. त्यानं तिला मागे उभं केलं आणि सांगितलं, “इथून कुणाला पुढे जाऊ देऊ नकोस.” त्यानं ते तिला वाटेतून बाजूला काढायला म्हटलं होतं, तिनं ते मनावर घेतलं. पुढे आयुष्यभर ती बचावफळीतच राहिली.

खेळाच्या जोरावर अमेरिकेत कॉलेज झालं. देशाच्या संघाच्या निवडीत दोन वेळा शेवटच्या दिवशी तिचं नाव गळालं. मग ती स्वीडनमध्ये खेळायला गेली, आणि तिथं असतानाच आई आजारी पडली. ‘हंगाम संपवून ये, घाई नाही,’ असं आईच फोनवर म्हणत राहिली. ओदेत पोचली ती थेट दफनाला. त्यानंतर ती परत गेली नाही. शेडियाकच्या शाळेत मुलांना कवायत शिकवू लागली, आणि हॉकी संपली असं तिनं मनाशी धरून टाकलं.

बायकांची व्यावसायिक लीग निघाली आणि तिच्यातला एक संघ मॉन्क्टनला मिळाला, तेव्हा सही करणारी पहिली खेळाडू ओदेत होती. बाकीच्या पगारासाठी घासाघीस करत होत्या. तिनं एकच मागितलं: माझ्या संमतीशिवाय मला दुसऱ्या संघात धाडायचं नाही. मालकांना हसू आलं. या पोक्त बाईला कोण मागायला येणार आहे, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी ते कलम घालून दिलं.

संघाचं नाव टाइड. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग चांगल्या चार-पाच जणी मोठ्या शहरांकडे निघून गेल्या, एक प्रशिक्षक आला नि गेला, आणि मॉन्क्टन तळाला जाऊन बसलं. यंदाही तळालाच होतं. मालकांनी ओटावाहून नोरीन ड्रिस्कॉल नावाची नवी मॅनेजर आणली. ही बाई एकेकाळी स्वतः गोल राखायची; गुडघे कामातून गेल्यामुळे जिना चढताना कठड्याला धरून चढे. बोलायला तोडून टाकणारी. आल्या आल्या तिनं तीन जुन्या खेळाडूंना तीन दिशांना धाडलं. त्यामुळे ग्लेन स्टीव्हज काहीही बोलला तरी लोकांना खरं वाटायचं.

अफवेनं खोलीची पार रया गेली. मधल्या वेळात सगळ्यांची डोकी फोनमध्ये. राहत्या घराचा करार पुढे वाढवावा की नाही, यावर दोघी-दोघी कुजबुजत. हॅलिफॅक्सला तर संघानं इतका भिकार खेळ केला, की समोरच्या संघाच्या पाठीराख्यांनाही कीव आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओदेत सरळ नोरीनच्या खोलीत गेली. खोली रिंकच्या वर होती. काचेतून खालचा सगळा बर्फ दिसायचा.

“मला गोल गोल सांगू नका,” ओदेत म्हणाली. “मला पाठवताय का?”

“बस आधी.”

“उभीच बरी आहे.”

“बरं, उभी राहा. डुलुथनं तुला मागितलंय, हे खरं. मी त्यांना नाही म्हटलेलं नाही, हेही खरं. ग्लेनच्या कानात कुणी ओतलं ते मला माहीत नाही. पण तुझ्या सहीशिवाय तुला कुणी हलवू शकत नाही. तुझं ते कलम मी वाचलंय.”

“मग सही मिळणार नाही.”

“ऐकून तरी घे.” नोरीननं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “डुलुथ यंदा चषक उचलणार, हे आंधळ्यालाही दिसतंय. तू इतकी वर्षं खेळलीस, तुझ्या हाताला एक चषक लागला नाही. तिथं जा, वसंतापर्यंत खेळ, जिंकून ये. मला बदल्यात बचावातली एक तरणी पोरगी मिळेल आणि नव्या मुलींची निवड होताना आधी हात घालायचा हक्क. दोघींचं भलं.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

नोरीन काचेपाशी गेली. “तर दुसरं कुणीतरी द्यावं लागेल. हे घर पडायला आलंय, ओदेत. वरून रंग मारून भागायचं नाही. पाया नव्यानं घालायचा तर एखादी भिंत उतरवावीच लागते. आमच्याकडे डुलुथला हव्याशा दोघीच आहेत. त्यातली एक तू.”

दुसरी कोण, हे विचारायची गरज नव्हती. खाली बर्फावर टॅमसिन एकटीच उरली होती. पकांची, म्हणजे काळ्या रबरी चकत्यांची, रास समोर ओतून एकेक पक गोलच्या वरच्या कोपऱ्यात मारत होती, आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच शाबासकी देत होती.

ओदेत जिना उतरली.

रविवारी ती काप-पेलेला गेली. अल्फेनं कोंबडीचा फ्रिको केला होता, बटाट्याचे गोळे घालून, बायको करायची तसा दाट. दोघं खिडकीपाशी जेवायला बसली.

“विचारलंस?” तो म्हणाला.

“विचारलं. माझ्यावरच आहे. मी जाते म्हटलं तर मी जाणार, नाही म्हटलं तर टॅमसिन.”

“ती टिल्ली?” अल्फेला टॅमसिन आवडायची. दर उन्हाळ्यात येऊन ती त्याच्याशी पत्ते खेळायची आणि उघडउघड लबाडी करायची. त्यानं वाडगा बाजूला सारला. “हे बघ. तू माझ्यासाठी इथं राहत असशील तर ते डोक्यातून काढ. मी धडधाकट आहे. तुझी आई गेली तेव्हा तू नव्हतीस, म्हणून तू स्वतःला खुंटीला बांधून घेतलंयस. ती असती तर तुला बोलली असती.”

“तुमच्यासाठी नाही राहत.”

“मग कुणासाठी?”

ओदेतनं हळूहळू सांगितलं. हा संघ उभा राहिला तेव्हा पहिल्या सामन्याला शाळेतल्या तिच्या मुली आल्या होत्या. आता त्यांतल्या कितीतरी गावोगावी खेळतात. संघ बुडाला तर तो इथून दुसऱ्या मोठ्या शहरात हलवतील, आणि त्या मुलींना पुन्हा मुलांच्या संघात मागे उभं राहावं लागेल. “मला तो उभा करायचाय, पापा. वर आलेला बघायचाय. पण टॅमला बाहेर ढकलून मी तिथं राहिले, तर मला त्या खोलीत बसवणार नाही.”

“मग ठरलंच की तुझं,” अल्फे म्हणाला आणि उठून तिच्या वाडग्यात आणखी एक डाव वाढला.

सोमवारी ती नोरीनसमोर उभी राहिली. “सही करते. मला पाठवा.”

“उशीर केलास,” नोरीन म्हणाली. “शनिवारी टॅमसिन येऊन गेली. तिनं स्वतःहून मागितलं. मला डुलुथला पाठवा, म्हणाली. कागद झालेत. दुपारी जाहीर होईल.”

ओदेत पायऱ्या उतरली ती पळतच. टॅमसिन बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. मागच्या सीटवर पिशव्या रचलेल्या.

“कधी सांगणार होतीस?” ओदेतनं विचारलं.

टॅमसिननं हात थांबवला नाही. “पहिल्या पेट्रोलपंपावरून. फोन करून. तिथवर तुझा हात पोचत नाही.”

“थट्टा पुरे, टॅम.”

“बरं, पुरे.” तिनं खरवडणी टपावर ठेवली. “मी तीस वर्षांची आहे. दर सकाळी पलंगावरून उतरताना आधी गुडघ्याला विचारते, येतोस का? मला जिंकायचंय, ओदेत. एकदा तरी. तुझं वेगळं आहे. तुला पडकं घर दिसलं की तुझे हात शिवशिवतात. मला पडकं घर दिसलं की मी दार शोधते. यात तू थोर नाहीस आणि मी चोर नाही.”

“मी तुला थांबवलं नसतं.”

“थांबवलं असतंस. तोंडानं नाही, पण नुसतं बघितलं असतंस, तुझ्या त्या वाकड्या नाकावरून. आणि मी थांबले असते. म्हणून नाही सांगितलं.”

ओदेतनं खरवडणी उचलली आणि दुसऱ्या बाजूची काच साफ करायला लागली.

“एक कर माझ्यासाठी,” गाडीत बसताना टॅमसिन म्हणाली. “मी मागून घेतलं, हे इथं कुणाला कळू देऊ नकोस. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसते ती म्हातारी माझ्यासाठी मोजे विणते. तिला वाटू दे, की मला धाडलं.”

“बरं,” ओदेत म्हणाली. या एका शब्दाचं काय होणार आहे, ते तेव्हा दोघींनाही उमगलं नाही.

ग्लेन स्टीव्हजनं दुसऱ्याच दिवशी गणित मांडलं. कॅप्टनच्या करारात कलम आहे, डुलुथला हवी होती कॅप्टन, गेली टॅमसिन. म्हणजे कॅप्टननं आपली जागा वाचवायला मैत्रिणीचा बळी दिला. ऐकणाऱ्यांना ते सोळा आणे पटलं. टॅमसिनवर मॉन्क्टनचा जीव होता. पुढच्या घरच्या सामन्यात खेळाडूंची नावं पुकारली जात होती, आणि ओदेतचं नाव येताच साऱ्या स्टँडमधून हुर्यो उठली. तिच्याच मुलखात, तिच्याच लोकांची. ती निळ्या रेषेवर जाऊन उभी राहिली आणि हातमोज्याची पट्टी आवळू लागली.

नोरीननं तिला बोलावून घेतलं. “मी खरं सांगून टाकते.”

“नको. शब्द दिलाय.”

“ते तुला रोज कच्चं खातील.”

“खाऊ देत. मी कडक आहे.”

अल्फेनं कॉफीच्या दुकानात जाणं सोडलं. त्यालाही तिनं खरं सांगितलं नाही. रागाच्या भरात तो साऱ्या गावाला सांगून आला असता. तो एवढंच म्हणाला, “माझी पोरगी असं करणार नाही. का, ते मला कळत नाही. पण करणार नाही.”

टॅमसिनच्या बदल्यात आली मारेन टॉलेफसन. बावीस वर्षांची, मिनेसोटाच्या उत्तरेकडची, लांब पायांची, आणि वाऱ्यासारखी पळणारी. फक्त कुठं पळायचं ते तिला माहीत नसायचं. पहिल्याच सामन्यात तिनं दोनदा पक थेट समोरच्या संघाच्या स्टिकवर नेऊन दिला आणि दोन्ही वेळा गोल झाला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “हिच्यासाठी टॅमसिन दिलीत?” मधल्या सुटीत मारेन सामानाच्या खोलीत जाऊन एका पेटीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. ओदेत तिला शोधत आली.

“रडायचं तर रड,” ती म्हणाली, “पण नाड्या आवळता आवळता रड. खेळ सुरू होतोय.”

“ते मला शिव्या घालतायत.”

“तुला नाही, मला. तुझ्या वाटणीचं माझ्या खात्यावर जमा होतंय. चल.”

दुसऱ्या दिवसापासून सरावाच्या आधी ओदेत तिला घेऊन बर्फावर उतरू लागली. स्टिक काढून घेतली. “तू सारखी पकाकडे बघतेस. पक फसवतो. डोळे फसवतात, हात फसवतात. बाईच्या छातीकडे बघ. छाती जिकडे, तिकडे ती जाणार. मी येते, मला अडव.” मारेन अडवायला जायची आणि ओदेत तिच्या बाजूनं निघून जायची. पुन्हा. पुन्हा. एके दिवशी मारेननं तिला अशी धडक दिली, की ओदेत कठड्यावर जाऊन आपटली आणि तिचा श्वास अडकला. मारेन घाबरून माफी मागू लागली. “माफी कसली मागतेस?” ओदेत खोकत म्हणाली. “ह्यासाठीच मी आठवडाभर मार खातेय.”

खोलीचाही तिनं बंदोबस्त केला. एका सकाळी दार लावून घेतलं आणि रिकामी बादली मधोमध ठेवली. “फोन ह्यात. या खोलीत अदलाबदलीचं नाव काढायचं नाही. कुणाला जायचं असेल तर मला तोंडावर सांगा. मी रागावणार नाही. तुमची पिशवी स्वतः गाडीत नेऊन ठेवीन. पण जोवर इथं आहात, तोवर इथं असा. अर्ध्या इथं नि अर्ध्या दुसऱ्या गावी असलेल्या बायकांना घेऊन मला खेळता येत नाही.”

मग गोल राखणारी मुलगी उठली, तिनं फोन बादलीत टाकला, आणि मागोमाग खडखडाट झाला.

लगेच सगळं पालटलं असं नाही. त्या हरतच होत्या, पण आता थोडक्यात हरत होत्या. मग क्वेबेकला सामना बरोबरीत सुटला. मग विनिपेगला त्यांच्या घरात हरवलं, आणि त्या दिवशी मारेननं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. हुर्यो उडवणारेही हळूहळू कंटाळले. आधी वरच्या रांगा गप्प झाल्या, मग खालच्या. टाळ्या नव्हत्या अजून, पण शांतता होती, आणि ओदेतला ती पुष्कळ झाली.

मार्चमध्ये डुलुथचा संघ मॉन्क्टनला आला. रिंक खचाखच भरली. टॅमसिन बर्फावर उतरली तसे लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं विणलेल्या मोज्यांचा नवा जोड काचेवरून तिच्याकडे फेकला. नंतर ओदेतचं नाव पुकारलं गेलं, आणि टॅमसिनला बघून लोकांची जुनी जखम पुन्हा भळभळली. हुर्यो झाली, आणि ती मोठी झाली. डुलुथच्या रांगेत उभ्या असलेल्या टॅमसिननं मान वळवून स्टँडकडे पाहिलं. हे काय चाललंय, ते तिला कळेना.

दुसरा भाग संपला तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. मधल्या सुटीत ग्लेन स्टीव्हजनं टॅमसिनला गाठलं. त्यांचं बोलणं रेडिओवरही जात होतं आणि रिंकमधल्या भोंग्यांवरही.

“टॅमसिन, सगळ्या मॉन्क्टनच्या मनातला प्रश्न विचारतो,” ग्लेन म्हणाला. “तुझ्या कॅप्टननं स्वतःला वाचवायला तुला पुढे केलं. आज तिच्यासमोर खेळताना कसं वाटतं?”

टॅमसिननं माइककडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “काय म्हणालास?”

“म्हणजे त्या अदलाबदलीत—”

“अरे बाबा, मी मागून घेतली ती! मी गेले नोरीनकडे, माझ्या पायांनी, कुणी न सांगता. ओदेत तर स्वतः जायला निघाली होती, ते मला नंतर नोरीननं फोनवर सांगितलं. तुम्ही लोक तिला इतके दिवस हे ऐकवताय?” तिचा आवाज भोंग्यांतून छताला भिडत होता. “आणि ती गप्प बसली? अर्थात बसली. मीच सांगितलं होतं तिला गप्प बस म्हणून. त्या गाढवीनं शब्द पाळला! ग्लेन, तू इतकी वर्षं रेडिओवर बोलतोस, एकदा तरी फोन उचलून कुणाला विचारत जा ना रे.” मग ती पहिल्या रांगेकडे वळली. “आजी, मी पळून गेले. मोजे परत हवे असतील तर देते.”

म्हातारीनं हातानंच, ठेव ठेव, अशी खूण केली.

मॉन्क्टनच्या मुली खोलीत बसून हे सगळं ऐकत होत्या. सगळ्यांची तोंडं ओदेतकडे वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “बघताय काय?” ती म्हणाली. “बरोबरी आहे अजून. उठा.”

तिसऱ्या भागासाठी ती बर्फावर आली तेव्हा लोक उभे होते. आरडाओरडा नव्हता, सगळे टाळ्या वाजवत होते, एका लयीत, थोडे शरमल्यासारखे. तिनं वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर तिला पुढचं दिसलं नसतं.

शेवटच्या मिनिटांत टॅमसिनला मधोमध पक मिळाला. ती ओदेतच्या अंगावर आली, खांदा एकीकडे टाकला आणि दुसरीकडून निघून गेली. ओदेतला ती कुठं जाणार ते कळलं होतं. पायांनी साथ दिली नाही. पण मारेन तिरकी धावत आली. पकाकडे तिनं बघितलंही नाही. टॅमसिनच्या छातीवर नजर ठेवून ती आली आणि तिला स्वच्छ आडवं केलं. सुटलेला पक ओदेतनं पुढे सरकवला, पुढच्या पोरीनं पळवला, आणि गोल झाला. मॉन्क्टन जिंकलं.

हस्तांदोलनाच्या रांगेत टॅमसिन ओदेतसमोर थांबली. “ही लांब पायांची बया कुठून आणलीस?”

“तुझ्या बदल्यात मिळाली.”

“मग मी स्वस्तात गेले,” टॅमसिन म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, हेल्मेटं आपटत.

दुसऱ्या दिवशी ग्लेननं रेडिओवर माफी मागितली, लांबलचक, रडव्या आवाजात. अल्फे कॉफीच्या दुकानात गेला, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला, आणि म्हणे तासभर कुणाशी एक शब्द न बोलता नुसता सगळ्यांकडे बघत राहिला.

एवढं होऊनही त्या वर्षी मॉन्क्टन तळापासून दुसरंच आलं. चषक डुलुथनं जिंकला, सगळे म्हणत होते तसाच. उन्हाळ्यात प्रत्येक खेळाडूला एकेक दिवस चषक घरी न्यायला मिळतो. टॅमसिननं न्यूफाउंडलंडला जाता जाता तो काप-पेलेला आणला. अल्फेच्या अंगणात लॉब्स्टर उकडत होते. चषक टेबलावर, उन्हात चकाकत. शेजारपाजारची मुलं त्याला हात लावून बघत होती.

“धर ना हातात,” टॅमसिन ओदेतला म्हणाली.

“नाही. मी जिंकलेला नाही तो.”

“अगं, कुणाला कळतंय?”

“मला कळतंय.” ओदेतनं लॉब्स्टरची नांगी फोडली. “आमचा आणू तेव्हा धरीन. दोन्ही हातांनी.”

सप्टेंबरात ती पुन्हा रिंकवर होती, सगळ्यांच्या आधी. नोरीननं निवडीच्या हक्कातून आघाडीफळीत खेळणारी एक पोरगी आणली, आणखी दोघी कुठून कुठून गोळा केल्या. त्या हिवाळ्यात मॉन्क्टन बाद फेरीत पोचलं, पहिल्यांदाच. पहिल्याच फेरीत क्वेबेकनं त्यांना घरी पाठवलं, तेही शेवटच्या सामन्यात, जादा वेळेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस मॉन्क्टनकडे निघाली. मुली डोळे सुजवून झोपल्या होत्या. मारेन खिडकीला डोकं टेकून बसली होती, गालावर टाके. ओदेत उठून पुढे गेली आणि नोरीनच्या शेजारी बसली.

“डाव्या बाजूला एक उंच पोरगी हवी,” ती म्हणाली. “त्यांनी आपल्याला तिथूनच मारलं.”

“आजच्या दिवस तरी सोड, ओदेत.”

“सोडते की. पण व्हर्मांटच्या कॉलेजात एक आहे. मी तिचे खेळ बघितलेत. गुरुवारी तिकडे जाऊन येऊ या?”

नोरीननं डोळे मिटलेलेच ठेवले. “गाडी तू चालवणार,” ती म्हणाली.

“चालवीन.”